अरुंद वाटेने जाणाऱ्या पाण्याचे नियमन

ज्या मापाने पाणी द्यावयाचे ठरले आहे त्याच मापाने ते शेवटच्या रोपापर्यंत पोहोचले पाहिजे, ही पाटबंधाऱ्याची जुनी व सर्वांत अवघड अट होय. हडपसर परिसरातील शेतकऱ्यांना ती नवी नाही. १८७० च्या दशकात मुठा नदीवर खडकवासला येथे धरण बांधण्यात आले. त्या धरणाचा उजवा कालवा पुणे शहरातून हडपसरला येतो व पुढे लोणी काळभोर, उरुळी कांचन या गावांवरून दौंड तालुक्याकडे जातो. हडपसरलगतच्या एका गावाचे नावच साडेसतरा नळी असे आहे. या पट्ट्यात पाणी हे प्रथमपासून मोजून घेण्याची वस्तू आहे. कालव्याच्या मुखाजवळील शेतकऱ्यास पाळी वेळेवर मिळते आणि टेलच्या शेतकऱ्यास वाट पाहावी लागते, ही तक्रार प्रत्येक गावात ऐकावयास मिळते. पुणे शहराची तहान वाढत गेल्यापासून शेतीच्या वाट्यास येणारे आवर्तन अधिकच मोलाचे झाले आहे.

ठिबक सिंचन घेतल्याने ही विषमता मिटेल, अशी समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. ठिबकाच्या संचातही मुख आणि टेल असतेच. फरक इतकाच की, पाट कोठे फुटला हे डोळ्यांना दिसते, परंतु नळीच्या शेवटच्या तोटीतून पाणी निम्मेच पडत आहे हे पीक सुकू लागेपर्यंत ध्यानात येत नाही. म्हणून अरुंद वाटेने पाणी कोणत्या नियमाने जाते आणि त्याचे नियमन कसे करतात, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

रुंद प्रवाह आणि अरुंद प्रवाह

प्रथम मापांचा विचार करू. कालव्याचे पाणी क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदास सुमारे २८.३ लिटर, अर्थात तासास एक लाख लिटरांहून थोडे अधिक पाणी. ठिबकाची नेहमीची तोटी तासास ४ लिटर पाणी देते. म्हणजे एका क्युसेकमध्ये अशा सुमारे २५ हजार तोट्या चालतील. पाट वाहत असता दारे धरणारा मनुष्य फावड्याने माती ओढून प्रवाह कमीजास्त करू शकतो. परंतु २५ हजार तोट्यांवर २५ हजार माणसे उभी करता येत नाहीत. तेथे दारे धरण्याचे काम तोटीच्या आतील वाटेनेच करावे लागते.

ही वाट साधारणतः एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडी कमीअधिक रुंदीची असते. पाटातील पाण्याचा फारच थोडा भाग काठांस लागून असतो. उलट, अरुंद वाटेतील जवळजवळ सर्व पाणी भिंतींच्या निकट असते व भिंती त्यास मागे ओढून धरतात. गाडीरस्त्यावर मनमोकळे चालणारा मनुष्य गर्दीच्या बोळात जसा अंग चोरून चालतो, तशीच काहीशी पाण्याची गत होते.

या प्रकारच्या प्रवाहाचा नियम १८४० च्या सुमारास पॉइझ्वी या फ्रेंच वैद्यकाने प्रयोगांनी निश्चित केला. शरीरातील बारीक वाहिन्यांतून रक्त कसे वाहते हे त्यास जाणून घ्यावयाचे होते. हागेन या जर्मन अभियंत्यानेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तोच नियम शोधला. बारीक, सरळ नळीतून शांतपणे वाहणाऱ्या द्रवास लागू पडणारा हा नियम चार भागांत सांगता येतो :

(१) दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो.
(२) नळीची लांबी दुप्पट केली की प्रवाह निम्मा होतो.
(३) द्रव जितका दाट, तितका प्रवाह कमी होतो.
(४) नळीचा व्यास निम्मा केला की प्रवाह निम्मा न होता सोळावा हिस्सा उरतो.

यांपैकी चौथा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. नळीच्या आतील बाजूस चुनखडीचा थर बसून व्यास केवळ एक षष्ठांशाने घटला, तरी पाणी निम्म्यावर येते. वाट डोळ्यांना उघडी दिसते, पाणीही पडत असते, परंतु पिकाचा निम्मा वाटा गेलेला असतो.

तिसरा भागही शेतात अनुभवास येतो. पाणी तापले की पातळ होते. २० अंश सेल्सियस तापमानास पाण्याचा जो दाटपणा असतो, तो ४० अंशांस सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. म्हणून काळ्या नळीत उन्हाने तापलेले पाणी साध्या सूक्ष्मनळीतून सकाळपेक्षा दुपारी अधिक पडते.

गावात करून दाखविण्याजोगा प्रयोग

हा नियम शब्दांनी सांगण्यापेक्षा करून दाखविणे बरे. एका बादलीच्या तळाशी, समान उंचीवर, एक मिलिमीटर आतील व्यासाच्या दोन सूक्ष्मनळ्या बसवाव्यात. ठिबकाच्या दुकानात त्या मायक्रोट्यूब या नावाने मिळतात. एक नळी एक मीटर व दुसरी दोन मीटर लांबीची घ्यावी. बादली ओट्यावर ठेवून दोन्ही नळ्यांची मोकळी टोके पाण्याच्या पातळीखाली अर्धा मीटर, एकाच उंचीवर धरावीत. नळ्यांत हवेचे बुडबुडे राहू देऊ नयेत. दोन्ही टोकांखाली सारखी भांडी ठेवून पाच मिनिटे पाणी धरावे व मापाच्या नळकांड्याने मोजावे. लांब नळीतील पाणी आखूड नळीच्या साधारण निम्मे भरेल. मग बादलीत गरम पाणी ओतून पुन्हा मोजावे, म्हणजे दोन्ही मापे वाढलेली दिसतील. शेवटी एका नळीच्या तोंडाशी बारीक काडी सरकवून काय होते तेही दाखवावे. एवढ्याने जे समजते ते तासभराच्या व्याख्यानाने समजत नाही.

तोटीची घडण

थोडेसेच पाणी हवे असेल तर नळीस बारीक छिद्र पाडावे, ही कल्पना सहज सुचते. परंतु तासास चारच लिटर पाणी देणारे साधे छिद्र इतके बारीक करावे लागते की, वाळूचा एक कणही ते बंद करतो. इस्रायलमधील सिम्खा ब्लास या पाणीपुरवठा अभियंत्याने ही अडचण निराळ्या प्रकारे सोडविली. त्याने छिद्र बारीक करण्याऐवजी वाट लांब केली. लांब वाटेत भिंतींचे घर्षण वाढते, म्हणून वाट तुलनेने रुंद ठेवूनही तितकेच थोडे पाणी बाहेर पडते व गाळाचे कण सहसा अडकत नाहीत. या तोट्यांचे उत्पादन तेथे १९६५ पासून सुरू झाले. महाराष्ट्रात ठिबक सिंचनाचा मोठा प्रसार १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून झाला. त्यात जळगावचे भवरलाल जैन यांच्या उद्योगाचा वाटा मोठा आहे.

पुढे सरळ लांब वाटेच्या जागी नागमोडी, दातेरी वाट आली. अशा वाटेत पाणी प्रत्येक वळणावर आपटते, भोवरे उठतात व त्यातच दाबाचा जोर खर्ची पडतो. येथे पॉइझ्वीचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. दाब निम्मा झाला तर सरळ सूक्ष्मनळीचे पाणी निम्मे होते, परंतु नागमोडी वाटेचे पाणी सुमारे सात दशांश राहते. म्हणजे एक किलोग्रॅम दाबास ४ लिटर देणारी तोटी अर्ध्या किलोग्रॅमला सुमारे २.८ लिटर देते. पाण्याच्या तापमानाचा परिणामही तिच्यावर फार थोडा होतो. भोवऱ्यांमुळे गाळ खाली बसण्यासही कमी अवसर मिळतो.

चढउताराच्या जमिनीत मात्र एवढ्यानेही भागत नाही. तेथे दाब-नियंत्रित तोटी वापरतात. तिच्या वाटेवर सिलिकोन रबराचा एक लवचीक पडदा बसविलेला असतो. दाब वाढला की पडदा वाटेवर अधिक दाबला जाऊन तिला अरुंद करतो, आणि दाब उतरला की तो मागे सरून वाट मोकळी करतो. त्यामुळे साधारणतः १ ते ४ किलोग्रॅम दाबापर्यंत पाणी जवळजवळ सारखे पडते.

पाण्याच्याच जोराने पाण्याचे नियमन करण्याची ही युक्ती पुणे जिल्ह्यास अपरिचित नाही. १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी योजलेले स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले होते. तलावाचे पाणी ठरावीक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत व पातळी उतरली की आपोआप मिटत. ते जुने धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या प्रलयात फुटले व पुढे नव्याने बांधले गेले. दरवाजा प्रचंड होता आणि तोटीतील पडदा नखाएवढा आहे, परंतु पहारेकऱ्याचे काम पाण्याकडूनच करून घ्यावे हे तत्त्व दोहोंत सारखेच आहे.

याहून सूक्ष्म वाटा : चिपवरील प्रयोगशाळा

हेच शास्त्र आज तोटीपेक्षाही लहान वाटांत उपयोगी पडत आहे. काच, प्लॅस्टिक किंवा सिलिकोन रबर यांच्या लहानशा वडीवर माणसाच्या केसाएवढ्या रुंदीच्या वाटा कोरतात व त्यांतून रक्त, पाणी किंवा औषधी द्रव्ये नेऊन त्यांची तपासणी करतात. अशा वडीस चिपवरील प्रयोगशाळा म्हणतात. संपूर्ण रासायनिक तपासणी एका लहानशा वडीवर आणण्याची ही कल्पना १९९० साली आंद्रेआस मान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमध्ये मांडली. पाण्याच्या एका थेंबाचा पन्नासावा भाग म्हणजे सुमारे एक मायक्रोलिटर. या वाटांतून मिनिटास इतकाच, किंवा याहूनही कमी, द्रव जातो.

इतक्या अरुंद वाटेत भोवरे उठतच नाहीत. दोन द्रव एकाच वाटेत सोडले तर ते एकमेकांत न मिसळता, दोन बैलांप्रमाणे शेजारी शेजारी चालत राहतात. त्यांना मिसळावयाचे असल्यास वाटेच्या तळाशी तिरकस खाचा कोराव्या लागतात. प्रवाह थांबविण्यासाठी २००० साली अमेरिकेत स्टीफन क्वेक यांच्या गटाने रबराचीच झडप योजिली. एका थरातील वाटेतून द्रव जातो व त्यास आडव्या जाणाऱ्या दुसऱ्या थरातील वाटेत हवा भरतात. हवेच्या दाबाने मधला रबरी पडदा फुगून द्रवाची वाट चिमटीत धरतो. तोटीतील पडद्याचे हे जवळचे नातलगच म्हणावे लागेल.

काही ठिकाणी पंपही लागत नाही. करोनाच्या साथीत घरोघर वापरली गेलेली तपासणीची पट्टी पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्यावर थेंब टाकला की टीपकागदाप्रमाणे तो आपोआप पुढे सरकतो. कागदातील सूक्ष्म पोकळ्याच द्रवास ओढून नेतात, आणि पट्टीची लांबी व पोकळ्यांचे माप यांवरून रेघ किती मिनिटांनी उमटावयाची ते ठरते. काळ्या जमिनीत खालचा ओलावा वर चढतो तो याच ओढीने. पिकांवरील काही विषाणू रोग शेतातच ओळखण्यासाठीही अशा पट्ट्या तयार झाल्या आहेत.

पुण्यातही या विषयावर काम चालते. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी यांनी अरुंद वाटांतून रसायने अखंड वाहती ठेवून त्यांच्यात क्रिया घडवून आणण्याच्या पद्धतींवर संशोधन केले असून, त्यांना २०२० साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आहे. मोठ्या हंड्यात एकदम तापणारी क्रिया बारीक वाटेत थोडी थोडी होते व भिंतींतून उष्णता लवकर निघून जाते, हा त्या पद्धतीचा मोठा लाभ होय.

प्रयोगशाळेतील या सूक्ष्म वाटांचे शत्रूही शेतकऱ्याच्या ओळखीचेच आहेत. गाळाचा कण, हवेचा बुडबुडा आणि भिंतीवर चढणारा थर यांनी चिप निकामी होते. म्हणून तेथे कोणताही द्रव गाळल्यावाचून वाटेत सोडत नाहीत. शेतातील नियम याहून निराळा नाही.

शेतात पाळावयाचे नियम

हडपसरच्या पूर्वेकडील पट्ट्यात विहीर, कालवा व नदी असे तीन प्रकारचे पाणी वापरात येते. मुंढवा येथून शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी उचलून शेतीसाठी कालव्यात सोडण्याची योजनाही आहे. विहिरीच्या पाण्यात चुना असतो, कालव्याच्या पाण्यात माती असते आणि सांडपाण्याचा अंश असलेल्या पाण्यात बुळबुळीत शेवाळ व जिवाणूंचा थर वाढतो. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

गाळणी : तोटीच्या वाटेच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याहून मोठा कण आत जाऊ देऊ नये. एक मिलिमीटर वाटेसाठी सुमारे एक दशांश मिलिमीटरची जाळी लागते. कालव्याचे व नदीचे पाणी प्रथम वाळूच्या गाळणीतून व नंतर जाळीच्या गाळणीतून न्यावे. गाळणीच्या दोन्ही बाजूंस दाबमापक असावेत. दोहोंतील फरक अर्ध्या किलोग्रॅमच्या वर गेला की गाळणी तुंबली असे समजून ती धुवावी.

नळ्या धुणे : आठवड्यातून एकदा प्रथम मुख्य नळी, मग उपमुख्य नळी व शेवटी उपनळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावे. सर्व उपनळ्या एकदम उघडू नयेत. तसे केल्यास पाण्याचा वेग पडतो व गाळ आतच राहतो.

आम्लप्रक्रिया : चुनखडीच्या थरासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल संचातून सोडतात. शेवटच्या तोटीतील पाण्याचा सामू ४ च्या आसपास आला की संच बंद करून रात्रभर ठेवावा व सकाळी सर्व नळ्या धुवाव्यात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कदापि ओतू नये. हातमोजे व चष्मा वापरल्याशिवाय हे काम करू नये.

क्लोरिनप्रक्रिया : शेवाळ व जिवाणूंच्या थरासाठी क्लोरिन वापरतात. शेवटच्या तोटीतील पाण्यात दर लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहावे. क्लोरिन व आम्ल ही कधीही एकत्र करू नयेत. त्यांच्या संयोगाने विषारी वायू निघतो व प्राणाशी गाठ पडते.

खते : कॅल्शियमयुक्त खत हे फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खतांबरोबर एकाच टाकीत विरघळवू नये. त्यांचा साका तयार होतो व तोच तोटीत जाऊन बसतो. खत दिल्यानंतर काही वेळ नुसते पाणी चालू ठेवावे.

टेलची परीक्षा

वरील सर्व काळजी घेतली तरी मोजल्यावाचून खरी स्थिती कळत नाही. त्याची रीत सोपी आहे. संचातील चार उपनळ्या निवडाव्यात : पहिली, शेवटची व मधल्या दोन. प्रत्येक उपनळीवर आरंभी, एक तृतीयांश अंतरावर, दोन तृतीयांश अंतरावर व टोकास अशा चार तोट्या घ्याव्यात. येणेप्रमाणे १६ तोट्यांखाली एकेक भांडे धरून बरोबर ३६ सेकंद पाणी घ्यावे. ३६ सेकंद हा तासाचा शंभरावा भाग आहे. म्हणून जितके मिलिलिटर पाणी येईल त्यास १० ने भागले की तासास किती लिटर, हे तत्काळ मिळते. ४० मिलिलिटर आले तर तोटी तासास ४ लिटर देते.

आता सर्व १६ मापांची सरासरी काढावी व सर्वांत कमी असलेल्या चार मापांची सरासरी निराळी काढावी. दुसऱ्या सरासरीस पहिलीने भागून १०० ने गुणावे. समजा, सोळा मापांची बेरीज ६०८ आली, तर सरासरी ३८ होते. सर्वांत कमी मापे ३०, ३२, ३३ व ३३ असतील, तर त्यांची सरासरी ३२ येते. ३२ ला ३८ ने भागून १०० ने गुणिले असता सुमारे ८४ येतात. हा आकडा ९० च्या वर असेल तर संच उत्तम, ८० ते ९० असेल तर चांगला, ७० ते ८० असेल तर मध्यम आणि ७० च्या खाली असेल तर दुरुस्तीस पात्र समजावा.

या परीक्षेत आणखी एक गोष्ट उघड होते. पाणी टोकाकडे क्रमाक्रमाने कमी होत गेले असेल, तर दोष दाबाचा आहे. उपनळी फार लांब आहे, पंप कमी पडतो किंवा गाळणी तुंबली आहे. पण कमी मापे कोठेही विखुरलेली आढळली, तर त्या त्या तोट्याच तुंबल्या आहेत. पहिल्या दोषावर आम्ल ओतून उपयोग नाही, आणि दुसऱ्या दोषावर मोठा पंप आणून उपयोग नाही. बरेच शेतकरी हा भेद न करता पाणी कमी पडते म्हणून संच दुप्पट वेळ चालवितात. त्यामुळे मुखाजवळची रोपे चिखलात उभी राहतात, खत मुळांखाली वाहून जाते आणि टेलची रोपे तरीही अर्धपोटीच राहतात. वाचविलेले पाणी असे हातचे जाते.

प्रत्येक हंगामाच्या आरंभी एकदा व मध्यावर एकदा ही परीक्षा घ्यावी. मापे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत, म्हणजे मागील मापांशी ताडून पाहता येईल. कार्यकर्त्यांनी एखाद्या शेतकऱ्याच्या रानात ही परीक्षा चारचौघांसमोर करून दाखवावी व भांडी त्या शेतकऱ्यांच्याच हाती द्यावीत. हडपसरजवळ मांजरी येथे द्राक्षाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र व उसासंबंधी काम करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या संस्था आहेत. या पिकांच्या पाण्याविषयी अधिक माहिती तेथून मिळू शकेल.

तात्पर्य, अरुंद वाटेतील पाणी हुकमाने चालत नाही, ते वाटेच्या मापाने चालते. वाट ज्या मापाची घडविली त्याच मापाची राखणे, दाब पाहणे आणि शेवटच्या तोटीखाली भांडे धरून मोजणे, ही तीन कामे जो नेमाने करील त्याच्या रानात टेलचे रोप मुखाच्या रोपाइतकेच पाणी पिईल.